पत्र, एक नग

१

एकतीस मार्चच्या सकाळी माझ्या वॉर्डातून चिकटपट्टीचं रीळ गेलं आणि ऑफिसातून एक फाईल गेली.

चिकटपट्टीसाठी मी हिरीबाईला, म्हणजे आमच्या आयाला, चांगलं फैलावर घेतलं. "आता सलाईन काय थुंकीनं चिकटवू का वं?" ती बिचारी शपथा घेत होती की तिनं रीळ पाहिलंसुद्धा नाही. फाईलसाठी मात्र कोणावर ओरडावं तेच कळेना.

मी पंचफुला. वडफाट्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. शेलूबाजारहून आसेगावकडे निघालात की उजव्या हाताला आमची पाटी लागते. पाटीवर तीस खाटा आहेत, आत बावीस. एकतीस वर्षं नोकरी झाली माझी, आणि तोंड तिखट आहे ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तक्रार करू नये.

तर ती फाईल. दिवस न भरलेल्या लेकरांना ऊब देणारं यंत्र असतं, वॉर्मर म्हणतात त्याला. वरून पट्टी तापते, खाली लेकरू निजतं. आमच्याकडे एकच होता, तो दिवाळीत जळाला. तेव्हापासून आम्ही खाटेवर दोनशेचा बल्ब टांगून दिवस काढत होतो. दर महिन्याला मी मागणीची पत्रं लिहिली. उत्तर ठरलेलं: अर्थसंकल्पात तरतूद आहे, निधी आल्यावर कळवू. निधी कधी आला? अठरा मार्चला! आणि एकतीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत ट्रेझरीत बिल लागलं नाही, तर आला तसा परत जाणार. अकरा महिने कोणाला लेकरं आठवत नाहीत आणि मार्च आला की सगळ्यांच्या पायाला चाकं लागतात. संताप येतो मला.

चार दिवसांत कोटेशनं झाली. बावीस मार्चला तीन वॉर्मर तीन खोक्यांत येऊन स्टोअरमध्ये पडले. बिल ट्रेझरीत लागल्याशिवाय जोडून देणार नाही, असं पुरवठादारानं बजावलं होतं. बिलाच्या त्या फाईलमध्ये मूळ इनव्हॉइस होतं, आणि 'माल सुस्थितीत मिळाला' हा सहीचा दाखला होता.

आणि माझ्या चार नंबरच्या खाटेवर वर्षाराणी होती. जुळं, आठवा महिना. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं लेकरू अकोल्याच्या वाटेवर गाडीतच गेलं होतं. माझ्या मांडीवर होतं ते. मी पदरात गुंडाळलं, छातीशी धरलं, तरी गार पडत गेलं. या खेपेला नवे वॉर्मर आले हे ऐकून ती आमच्याकडे आली होती. सकाळी नऊलाच कळा सुरू झाल्या. आता तिला हलवणं म्हणजे पुन्हा गाडीतच बाळंत करणं.

साडेअकराला प्रसेनजित, आमचा क्लार्क, वॉर्डाच्या दारात येऊन उभा राहिला. तोंडावर रक्त नव्हतं.

"सिस्टर, वॉर्मरची फाईल नाई. टेबलावर होती. आता नाई."

२

वर्षाराणीचे वडील सेवादासभाऊ बाहेर बाकावर बसले होते. चौतीस वर्षं ट्रेझरीत काढून रिटायर झालेला माणूस. बारीक, सावळा, खिशाला दोन पेनं. लेकीची कळ आली की यांच्या हाताच्या मुठी वळायच्या.

डॉक्टर हरीओम, आमचे अधीक्षक, केबिनमधून ओरडतच आले. "पोलिसांना फोन करा!"

"करा साहेब," सेवादासभाऊ बसल्याजागेवरून म्हणाले. "पंचनाम्याले पाच वाजतीन. मंग फाईल भेटली तरी कायच्या कामाची?"

डॉक्टर थांबले. "मग काय करू? नवीन फाईल करायची तर मूळ इनव्हॉइस नाही. पुरवठादार नागपूरला बसलाय."

"मले इचारू द्या लोकाइले. लेक आत हाये माही. बसून बसून जीव जाऊन राह्यला."

ऑफिसची खोली माझ्या वॉर्डासमोरच आहे, दार एकच. प्रसेनजितनं सांगितलं, साडेदहाला फाईल टेबलावर होती. तो दोनदा बाहेर गेला, एकदा प्रिंट काढायला, एकदा फोन आला म्हणून. त्या तासाभरात आत कोण गेलं ते मी पाहिलं होतं, कारण माझी नजर दारावर असतेच. तीन जण: डॉक्टर, पुरवठादाराचा माणूस पवन, आणि आमचे स्टोअरकीपर मदनसिंग.

पवनला घाम फुटला होता. "काका, मी काहून नेईन? बिल नाई लागलं तर माह्यं कमिशन बुडते. तीन दिवसांपासून चकरा मारून राह्यलो मी."

डॉक्टर म्हणाले, "मी आत गेलो ते चार्जर घ्यायला. माझाच फायदा आहे ना बिल लागण्यात? वरून रोज फोन येतोय, निधी खर्ची टाका म्हणून."

"माल कोणं तपासला?"

"मदनसिंगांनी. त्यांची सही आहे." डॉक्टर हे जरा घाईनंच बोलले.

मदनसिंग नेहमीसारखे साठ्याचं लांबलचक रजिस्टर काखेत घेऊन उभे होते. अठ्ठावन्न गाठायला दीड वर्ष राहिलेलं, साधा माणूस, कोणाच्या अध्यात ना मध्यात. टपरीवरच्या पोराला त्यांनी हात केला. "चहा आण रे, पाच नग." मग सेवादासभाऊंकडे वळले. "मी सही घ्याले गेल्तो भाऊ, साठ्याच्या रजिस्टरवर. क्लार्क नोता, वापस आलो."

"खोके उघडून पाह्यले?"

"सीलबंद हायेत. मी हात बी लावला नाई."

सेवादासभाऊंनी स्टोअरच्या खिडकीच्या जाळीतून आत पाहिलं, मीही पाहिलं. तीन खोकी एकाशेजारी एक. तिन्हींवर नऊ दिवसांची धूळ. दोन खाकी पट्टीनं बंद, मधल्यावर पांढरी पट्टी. दाराला कुलूप, किल्ली मदनसिंगांच्या करगोट्याला.

"एक इचारू सिस्टर?" सेवादासभाऊ हळूच म्हणाले. "फाईल गेली तर सगळ्याइचंच नुकसान हाये. मंग नेली कोणं?"

मला काय माहीत? तेवढ्यात आतून वर्षाराणीनं हाक मारली आणि मी धावले. कळा आता दहा मिनिटांवर आल्या होत्या.

३

परत आले तेव्हा सेवादासभाऊ प्रसेनजितच्या खुर्चीवर बसून आवक रजिस्टर पाहत होते. ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र ज्यात चढतं ते रजिस्टर. प्रसेनजित शेजारी मान खाली घालून उभा, दाराशी डॉक्टर.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाई. पोट्टं लाजून राह्यलं," सेवादासभाऊ म्हणाले. "हे पाहा सिस्टर. दररोजच्या नोंदी संपल्या की खाली दोन ओळी कोऱ्या. वीस तारीख, दोन. एकवीस, दोन. पाह्यलं?"

"त्या कायले सोडतो रे?" मी प्रसेनजितला विचारलं.

प्रसेनजितनं डॉक्टरांकडे चोरून पाहिलं. "लागतात सिस्टर. एखादं पत्र मागच्या तारखेत घ्यायचं असलं तर जागा नको?"

मी कपाळावर हात मारला. सेवादासभाऊ मात्र हसले नाहीत. "मी बी हेच केलं, चौतीस वर्ष. मार्चात सगळेच करतात. पण बावीस तारीख पाहा. एकच ओळ कोरी हाये."

बावीस मार्च. खोकी आली तो दिवस.

दुसऱ्या ओळीत कोणीतरी दाबून, अक्षरं सुटी सुटी करून लिहिलं होतं. कोणाकडून आलं, तो रकाना कोरा. विषयाच्या रकान्यात: 'वॉर्मर सदोष असलेबाबत. पत्र १ नग.'

सदोष? ज्या यंत्राच्या भरवशावर मी आठव्या महिन्याचं जुळं इथे ठेवून घेतलं, ते सदोष?

"असं पत्र माझ्यापर्यंत आलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "प्रसेनजित, रजिस्टर कोणाच्या ताब्यात असतं? फाईल कोणाच्या टेबलावरून गेली? आज संध्याकाळी तुझा निलंबनाचा प्रस्ताव पाठवतो मी!"

"सर, हे अक्षर माह्यं नाई! काल सायंकाळी दोन्ही ओळी कोऱ्या होत्या, आईची आन!" पोरगा रडकुंडीला आला. तीन वर्षांपूर्वी बाप गेल्यावर अनुकंपेवर लागलेला तो, घरी आई भागिरथा आणि लहान बहीण.

सेवादासभाऊ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते. डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानात शिरतच नव्हतं.

मग त्यांनी मान वर केली. "सगळ्याइले बोलवा. मदनसिंगले सांगा, साठ्याचं रजिस्टर घेऊन ये. अन् सिस्टर, तुमची काय वस्तू गेली म्हणत होत्या सकाळी?"

"चिकटपट्टी. पण तिचं काय आता?"

"रंग कोणता?"

"पांढरा," मी म्हणाले. आणि तोंडातून शब्द निघाल्याबरोबर माझी नजर स्टोअरकडे गेली.

४

दुपारचे दीड. खोलीत आम्ही सहा जण आणि पंख्याचा खडखडाट. कळा सहा मिनिटांवर. हिरीबाईला मी खाटेपाशी बसवून आले होते.

"मी पोलिस नाई," सेवादासभाऊंनी सुरुवात केली. "पण बिलं तपासण्यात जलम गेला माहा. बिल खोटं हाये का खरं, हे रकमेवरून कळत नाई. लिहिणाऱ्याच्या सवयीवरून कळते. अक्षर बदलवता येते, सवय बदलत नाई."

त्यांनी आवक रजिस्टर फिरवलं. "प्रसेनजितनं वर्षभरात हजार पत्रं चढवली. कुठीच 'पत्र एक नग' लिहिलं नाई. पत्र कोणी नगावर मोजते का? डॉक्टर साहेब रजिस्टरले हातच लावत नाईत. पवनच्या चलनावर 'सेट' लिहिलं राह्यते. आता हे पाहा."

साठ्याचं रजिस्टर उघडलं. सुया दोनशे नग. बादल्या चार नग. खराटे सहा नग. पानंच्या पानं नग, नग, नग.

माझ्या कानात सकाळचा आवाज घुमला. चहा आण रे, पाच नग. या माणसानं मागे रजेच्या अर्जावर 'दिवस २ नग' लिहिलं होतं आणि आम्ही आठवडाभर चिडवलं होतं त्याला.

मदनसिंगांचं रजिस्टर धरलेलं बोट पांढरं पडलं होतं.

"सकाळी खोलीत कोणी नोतं," सेवादासभाऊ सावकाश म्हणाले. "यानं मागच्या तारखेत पत्र चढवाले घेतलं. नाव लिहाच्या अगोदर कोणाची तरी चाहूल लागली. अन् समोरच ती फाईल. तिच्यात याचीच सही, त्याच तारखेची, 'माल सुस्थितीत'. एकाच दिवशी एकाच माणसाचे दोन कागद, एक म्हणते चांगलं, एक म्हणते खराब. कोणता ठेवावा? यानं फाईल उचलली, साठ्याच्या रजिस्टरात घातली अन् काखेत मारून निघून गेला."

"मग फाईल कुठे आहे?" डॉक्टर ओरडले.

"सिस्टर सांगतीन."

मी बोललेच. राहवेना. "मधल्या खोक्यात! खोक्यावर नऊ दिवसांची धूळ अन् पट्टी धुतल्यासारखी पांढरी! माझ्या ट्रॉलीवरची पट्टी होती ती! अरे, मागितली असती तर दिली नसती का मी? उगाच त्या हिरीबाईला बोल बोल बोलले!"

"खोकं पयलेच उघडलं होतं, नुसतं मिटून ठेवलं होतं," सेवादासभाऊ म्हणाले. "आजच पट्टी कायले लावली? आज आत काही लपवाचं होतं म्हणून. बिल लागलं नाई की पवन खोके वापस नेते. फाईल आपोआप नागपूरले. कोणाले पत्ता लागत नाई."

मदनसिंगांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि न बोलता सेवादासभाऊंच्या हातात दिली.

५

फाईल होती. प्लॅस्टिकच्या खाली, गादीवर ठेवलेली, लेकरू ठेवावं तशी.

मी फाईलकडे पाहिलंच नाही, यंत्राकडे पाहिलं. वरून कोरा रंग. नखानं खरवडला तर खाली गंज, आणि दुसऱ्याच कुठल्या दवाखान्याचा पुसट नंबर. प्लग लावला. दिवा लागला, पट्टी मात्र गारच. तळहात धरून मी घड्याळावर दहा मिनिटं मोजली. तिसऱ्या खोक्यातलं तसंच. पहिल्यातलं तेवढं नवं होतं, दाखवायला म्हणून.

"काहून केलं असं?" सेवादासभाऊंनी मदनसिंगांना विचारलं. रागानं नव्हे.

"बावीसले साहेब म्हणाले, मार्च हाये, उघडत बसू नका, सही करून टाका. दरवर्षी करतो, केली." मदनसिंगांचा आवाज फाटला. "अठ्ठावीसले समजलं का वर्षाराणी अथी येऊन राह्यली. आपल्या तांड्याची पोरगी. मनात आलं, एकदा लावून तं पाहू. हे असं निंघालं. साहेबाले सांगतलं. म्हणाले, एप्रिलात पाहू. तीन दिवस जेवलो नाई भाऊ. बिल पास झालं असतं तं हे गारठलेलं यंत्र माह्या सहीनं गरम ठरलं असतं. अन् खरं बोलतो तं नोकरी जाते, पेन्शन जाते. काय करू?"

सगळ्यांच्या नजरा डॉक्टरांकडे गेल्या. ते भिंतीकडे पाहत होते.

मग ते वळले आणि भराभरा बोलू लागले. "ऐका. जे झालं ते झालं. आत्ता अडीच वाजलेत. बिल तीनही यंत्रांचं पाठवू. पैसे एकदा परत गेले की पुढच्या अर्थसंकल्पात मिळतील न मिळतील. पवन दोन बदलून देईल. देशील ना?"

"आठ दिवसांत!" पवन म्हणाला. "माह्या लेकराची शपथ."

खरं सांगते, मीसुद्धा डळमळले. तीन वॉर्मर! किती वर्षं मागतेय मी. शपथ खरी निघाली तर?

समोरच्या वॉर्डातून वर्षाराणीची किंकाळी आली. "बाबा!"

सेवादासभाऊंनी डोळे मिटले. त्यांच्या एका शब्दावर सगळे थांबले होते, आणि त्यांचीच लेक आत होती.

६

"एकाचं बिल," ते म्हणाले. "जे तापते त्याचं. पैसे भेटल्यावर बदलून देणारा पुरवठादार मी तरी चौतीस वर्षांत पाह्यला नाई."

मूळ इनव्हॉइसवर दोन नगांची वजावट करायची, असं त्यांनी प्रसेनजितला सांगितलं. त्यासाठी नवा दाखला हवा होता: तीनपैकी एक नग चालू, दोन नादुरुस्त. म्हणजे मदनसिंगांचा आधीचा दाखला खोटा, हे त्यांनी स्वतःच लिहून द्यायचं.

प्रसेनजितला राहवलं नाही. सकाळपासून ज्याच्यामुळे तो मरणाच्या दारात उभा होता, त्याच माणसासाठी तो पुढे सरला. "काका, बावीस तारखेची एक ओळ अजून कोरी हाये. याइचा दाखला त्याच तारखेत घेऊ ना. म्हणजे पयल्याच दिवशी सांगतलं असं होईन. नोकरी वाचते."

सेवादासभाऊ मदनसिंगांकडे पाहत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

मदनसिंगांनी पेन काढलं. प्रसेनजितच्या हातून रजिस्टर घेतलं, बावीस तारखेच्या त्या कोऱ्या ओळीवर आडवी रेघ मारली. मग दाखल्यावर तारीख टाकली, एकतीस मार्च. ही रेघ मी डोळ्यांनी पाहिली म्हणून सांगते, नाहीतर या ऑफिसात असं काही होईल यावर माझाच विश्वास बसला नसता.

"अन् सही?" डॉक्टरांनी हात पुढे केला.

"थांबा," मी म्हणाले. "आधी माझ्या वॉर्डात जोडा. तापल्याशिवाय सही नाही."

पवननं कटकट केली. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी वॉर्मर चालू झाला. मी पट्टीखाली हात धरला. एक मिनिट, दोन, तीन. चौथ्या मिनिटाला तळव्याला ऊब लागली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मदनसिंगांनी स्वतः हात धरून पाहिला, मग सही केली. डॉक्टरांनीही केली, मान वर न करता.

प्रसेनजितची मोटारसायकल, मागे सेवादासभाऊ. लेक कळा देत असताना बाप ट्रेझरीत कायले जातो, असं हिरीबाई म्हणाली. पण वजावटीचं बिल खिडकीवर अडलं असतं तर सोडवणारा तोच होता. पाचाला वीस मिनिटं कमी असताना फोन आला. "लागलं. टोकन भेटलं. लेक कशी हाये?"

"अजून नाही," मी म्हणाले. "लवकर या."

पाच वाजले. दोन वॉर्मरचे पैसे जिथून आले होते तिथे परत गेले.

सहाला पाच कमी असताना मुलगी झाली, सव्वासहाला मुलगा. मुलगी एकोणीसशे ग्रॅम, मुलगा सोळाशे. दोघांनाही एकाच वॉर्मरवर आडवं निजवलं, कडेला कापडाच्या वळकट्या लावून. एकासाठी केलेली गादी ती. मी दर दहा मिनिटांनी तळपाय चाचपत होते. गरम. दोघांचेही गरम. सेवादासभाऊ दाराशी उभे राहून नुसते पाहत होते. त्यांच्या मागे मदनसिंग, चौकशी लागणार हे ठाऊक असलेला माणूस, पण तीन दिवसांनी पहिल्यांदा बिस्किट खात होता.

"किती?" मदनसिंगांनी विचारलं.

"दोन," मी म्हणाले. "लिहून घ्या. तपासून घेतलेत."

ते हसले, आणि तोंड फिरवून रडले.

आणि तेव्हाच बाहेर जीप थांबली. आसेगावकडची आशाताई धावत आत आली. "सिस्टर, वाटेतच झाली! आठवाच महिना. लेकरू निळं पडून राह्यलं!"

टॉवेलमधलं ते लेकरू माझ्या हातात आलं. गार. दोन वर्षांपूर्वीचं सगळं माझ्या अंगावरून गेलं. मी वॉर्मरकडे पाहिलं, तिथे बोटभर जागा नव्हती. दोन खोकी स्टोअरमध्ये पडली होती, गारठलेली.

"सिस्टर." वर्षाराणी खाटेवर कोपरावर उठली होती. केस घामानं चिकटलेले. तिनं गाऊनची गाठ सोडली आणि हात पसरले. "माही मोठी माह्या छातीशी द्या. माह्यं अंग गरम हाये. तिची जागा त्याले द्या."

मी मुलीला उचललं, तिच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून दोन चादरी गुंडाळल्या. मग त्या निळ्या लेकराला मुलाच्या शेजारी निजवलं आणि चोळत राहिले, चोळत राहिले.

सात वाजता त्यानं आवाज केला.